सातघऱ्यांचं आठवं घर

आमचं आडनाव सातघरे, आणि राहतो आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत. ही कोटी अलिबागेच्या आमच्या शाळेतल्या प्रत्येक मास्तराने निदान एकदा तरी केली आहे, तेव्हा ती मीच आधी सांगून मोकळा होतो. "सातांपैकी हे कितवं घर हो, मास्तर?" असं कुणी विचारलं की मीही "बाकीची सोलापुराकडे आहेत" म्हणून हसत असे. आजोबा तिकडचे, एवढंच खरं म्हणजे मला ठाऊक होतं. तरुणपणी ते तिकडून निघाले, चालत राहिले आणि पुढे समुद्र लागला म्हणून अलिबागेत थांबले, असं वडील सांगत. गावाचं नाव हुणसेवाडी, मैंदर्गीच्या पलीकडे. का निघाले, हे आजोबांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

शिरगणती आली की आम्हा मास्तरांना त्या कामाला जुंपतात. मी घरोघर हिंडून माणसं मोजली, नावं लिहिली. म्हात्रे आणि पाटील लिहून हाताला घट्टे पडले, पण दुसरा सातघरे मला भेटला नाही. मुंबईच्या येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे चौकशी केली, तिथेही नाही. आपलं आडनाव असं दुर्मिळ असल्याची मला मनातून ऐटच होती. आपल्या पूर्वजांचे सात चौसोपी वाडे असावेत, अशी मी स्वतःची समजूतही करून घेतली होती.

ती ऐट उतरली यमुनेचं लग्न जमवताना. यमुना माझी धाकटी बहीण. वडील गेल्यापासून तिचं सगळं मीच पाहतो. तिची दोन स्थळं आडनावावरून मोडली. तिसरं पेणचं आलं. मुलाला ती पसंत होती, आणि तिलाही मुलगा आवडला होता, हे ती बोलली नाही तरी घरात कळत होतं. पण मुलाचे वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, राग मानू नका. ज्या आडनावाचा दुसरा माणूस कुणी पाहिलेला नाही, तिथे सोयरीक करायची कशी? तुमच्या कुळातला एक वडीलधारा माणूस आणून उभा करा, आम्ही त्याच दिवशी सुपारी फोडतो. अक्षय्यतृतीयेपर्यंत थांबू."

पाडव्याला जोडून मी रजा काढली आणि निघालो. यमुनेने दशम्यांचा डबा हातात दिला. "दादा, नाही कुणी सापडलं तर जिवाला लावून घेऊ नकोस," एवढंच ती म्हणाली. मला तिच्याकडे वर पाहवेना.

सोलापूर

सोलापुरात उतरलो तेव्हा सकाळच होती, तरी ऊन असं की आमच्याकडे वैशाखातही तसं पडत नाही. टांगेवाला दखनीत "किधर कू जाना साब?" विचारतो, विणकरांच्या गल्लीत बाया तेलुगूत भांडतात, आणि मधेच गिरणीचा भोंगा सगळ्यांना गप्प करतो. खाणावळीत ताटात कडक भाकरी आली. पापड समजून मी ती बेताने मोडायला गेलो तर ती मोडेना. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "पाव्हणं, आमटीत बुडवा की! दात काय उसने आनलेत का?" शेंगांची चटणी मात्र अशी की आमच्या ओल्या खोबऱ्याचा मला तेवढ्यापुरता विसर पडला.

मैंदर्गीकडचा माल घेणारे एक अडते आहेत, त्यांना त्या बाजूचं गाव न् गाव माहीत आहे, असं कळलं म्हणून त्यांच्याकडे गेलो. इराप्पाशेठ त्यांचं नाव. कपाळाला भस्म, तोंडात पान. घरात कानडी आणि गिऱ्हाइकाशी मराठी. मोठ्या अगत्याने त्यांनी मला गादीवर बसवलं.

"सातघरे?" आडनाव ऐकून त्यांचं पान चावायचं थांबलं. मग त्यांनी बोटं मोजायला सुरुवात केली. "तात्याचं घर. त्याच्या दोन भावांची. गुंडूचं. रामाचं. म्हादूचं. आन भागाक्काचं. झाली सात. समदी माणसं मला ठाव हायत की. परवाच्या बाजाराला भेटलीत. तुमी त्यातले न्हाय."

"मग आम्ही आठवे असू," मी आपला हसून म्हणालो.

इराप्पाशेठ हसले नाहीत. उघडी बोटं त्यांनी हळूच मिटून घेतली. दिवाणजीला कानडीत काहीतरी सांगितलं, तसा तो आतून पाण्याचा तांब्या घेऊन आला. पण तो त्याने माझ्या हातात दिला नाही, माझ्यापुढे जमिनीवर ठेवला आणि मागे सरला. असं पाणी आमच्याकडे फक्त एका वेळी ठेवतात, आणि ती वेळ मला त्या क्षणी आठवायची नव्हती.

"अक्कलकोटापासनं गाडी सांगून देतो," शेठ म्हणाले. "पन गाडीवानाला आडनाव सांगू नका. यायचा न्हाय त्यो."

हुणसेवाडी

गाडीवान गमतीचा होता. बैलांना शिव्या मराठीत देई आणि लाडीगोडी कानडीत लावी. दोन्ही बाजूंना काळी रानं, ज्वारी काढून झालेली, उरलेल्या धसकटांवरून गरम वारा वाहायचा. कोकणातल्या माणसाला इतकं मोकळं आभाळ सोसत नाही. लपायला झाड नाही, डोंगर नाही. वेशीपाशी त्याने मला उतरवलं आणि कुणाकडे आलात हे न विचारता गाडी वळवली.

भर दुपार होती. वेशीतून आत एक मोकळं अंगण, त्याच्या भोवती धाब्याची मातीची सात घरं, सातांची दारं अंगणाकडे तोंड करून. आठव्या जागी नुसतं जोतं होतं. वर भिंत नाही, आणि जोत्यावर गवताची काडीसुद्धा नाही. अंगणात एक लिंबाचं झाड, आणि त्याच्या सावलीत मोठा वाटोळा सपाट दगड. चिटपाखरू दिसेना. मी थकलो होतो, त्या दगडावर बसलो. बरोबरचा पाण्याचा तांब्या दगडावर टेकवला तेव्हा खालून घुमल्यासारखा आवाज आला.

थोड्या वेळाने एका दारातून पदर पुढे ओढलेली एक बाई आली. तिने माझ्याशेजारी दगडावर एक भाकरी ठेवली आणि शब्द न बोलता परत गेली. मी म्हणालो, "अहो बाई, सातघऱ्यांपैकी..." पण तिने मान वळवली नाही. मग दुसऱ्या दारातून दुसरी आली. मग तिसरी. एकेक भाकरी ठेवायची आणि पाठ न दाखवता चार पावलं मागे जाऊन वळायचं. शेवटची एक म्हातारी होती. तिने भाकरीवर लसणाचा ठेचाही ठेवला होता, आणि जाताना ती एकदा थबकली.

काय हा पाहुणचार, मला वाटलं! आमच्याकडे आधी नाव-गाव विचारतात, मग पाणी, मग जेवणाचं पाहतात. इथे न विचारता सात घरांच्या भाकऱ्या! भूक सपाटून लागलेली. मी एक खाल्ली, दुसरीही खाल्ली. मान वर केली तर सातही दारांत माणसं उभी. बाया, गडी, सगळी. माझ्या हातातल्या तुकड्याकडे पाहत होती, माझ्या तोंडाकडे नाही. मी तुकडा खाली ठेवला.

एक सत्तरीचे गृहस्थ काठी टेकत पुढे आले. हेच तात्या, इराप्पाशेठनी पहिलं ज्यांचं घर मोजलं ते. मी उठून नमस्कार केला आणि भडाभडा सगळं सांगितलं, आजोबांचं नाव, अलिबाग, यमुना, पेणचं स्थळ. आजोबांचं नाव ऐकताच तात्यांनी काठी दोन्ही हातांनी धरली. पण ते माझ्याशी बोलले नाहीत. लिंबाकडे तोंड करून म्हणाले,

"हितं कुनी बसलं आसंल, तर त्यानं ऐकून घ्यावं."

मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"लई जुना दुस्काळ," तात्या झाडाला सांगू लागले. "मानसं पाला खाऊन मेली. आमच्या भावकीची आठ घरं व्हती. सात घरांनी ह्या दगडाखालच्या पेवात जुंधळा साठवला व्हता, सात चुलींना पुरंल येवडाच. आठव्या घराचं पेव किडलं. ती मानसं ह्या दगडापाशी येऊन बसली. बाया, लेकरं. सातातलं येक बी दार उगडलं न्हाय."

"मग?" मी विचारलं.

"मग हितंच गेली समदी. पाऊस आला, आमी जगलो, आन आसपासची गावं आमाला सातघरे म्हनाया लागली. ते आडनाव न्हाय, शिवी हाय. आमीच ती नावाला लावून घेतली, इसरू नये म्हनून. तवापासनं पयली भाकरी आठव्या घराला. ती पाखरं खात्यात, कुत्री खात्यात. मानूस खाताना आजच दिसला."

माझे सात चौसोपी वाडे तिथेच ढासळले. ज्या आडनावाची मी ऐट मिरवली, ते एका बंद दाराचं नाव निघालं.

"चुली सातच ऱ्हात्यात," तात्या पुढे म्हणाले. "आठवी पेटली की सातातली येक जाती. माजा चुलता भावाशी भांडून वायला निघाला. त्या जोत्यावर भिंती घातल्या, चूल मांडली. म्हैना झाला न्हाय तर माज्या पाठची दोनी भावंडं गेली. मग भावकीनं चुलत्याला शिवंभाईर घातलं. पळसाच्या पानांचा पुतळा केला आन त्येची किरिया करून टाकली. पुतळा जळताना मी बघितलाय, लहान व्हतो."

तात्यांचा तो चुलता म्हणजे माझे आजोबा. मला खांद्यावर घेऊन समुद्रावर नेणारे, भरतीचं पाणी पायाला लागलं की माझ्याहून मोठ्याने ओरडणारे माझे आजोबा! माझे वडील जन्मण्याआधीच ते इथे जळून गेले होते. माझ्याशी कुणी का बोलत नव्हतं, पाणी खाली का ठेवलं होतं, हे आता समजलं. मेलेल्या माणसाचा नातू मी. म्हणजे जन्मलेलोच नाही.

"तात्या, तुमच्या पाया पडतो," मी म्हणालो. "मला इथे घर नको, शेत नको. फक्त एकदा येऊन सांगा की ही आमच्या कुळातली मुलगी. तिचं लग्न अडलंय."

"मेलेल्याच्या नातीची साक्ष कोन देनार?" तात्या लिंबाला म्हणाले. त्यांचा आवाज कठोर नव्हता, घाबरलेला होता.

तेव्हा ती ठेचा ठेवणारी म्हातारी पुढे आली आणि सरळ माझ्यासमोर बसली. गावात शिरल्यापासून माझ्या डोळ्यांत डोळे घालून पाहणारी ती पहिली.

"पोरीचं नाव काय रं?"

"यमुना."

"वाट बघत आसंल." मग ती तात्यांकडे वळली. "तात्या, माजी चूल ह्येला दे. माज्यामागं कोन हाय? पलेगानं समदी नेली. उद्या मी गेले की सहाच चुली उरत्याल. सहा चालत्यात व्हय तुला?"

ही भागाक्का, इराप्पाशेठच्या बोटांवरचं शेवटचं घर.

"तुजं काय मग, भागे?" तात्यांनी विचारलं.

"माजं काय! झालंय की माजं."

त्या दुपारी

मी विज्ञान शिकवतो. वर्गात भुताखेतांची टिंगल करतो. आणि त्या दुपारी मी, मिशा असलेला पोराबाळांचा बाप, भागाक्काच्या ओसरीवर तिच्या मांडीत मुटकुळं करून पडलो. वर काळं घोंगडं. आत तिच्या लुगड्याला धुराचा आणि शेणाचा वास येत होता. एकदा जाळलेल्या रक्ताला पुन्हा जिवंतांत घ्यायचं तर त्याला पुन्हा जन्मावं लागतं, अशी तिथली रीत. बाहेरून एक बाई म्हणाली, "रडाया पायजे त्यानं." मला हसू येईल अशी भीती वाटत होती. पण अक्काने घोंगड्याखाली माझ्या केसांवरून हात फिरवला. आई गेल्यापासून तसा कुणी फिरवला नव्हता. रडू आपोआप आलं.

मग अंगणात तीन दगड मांडून मी विस्तव पेटवायचा आणि त्याच वेळी अक्काने आत आपली चूल पाण्याने विझवायची, असं ठरलं होतं. माझ्या काटक्या चटकन पेटल्या. अक्का मात्र तांब्या हातात घेऊन चुलीपुढे तशीच उभी राहिली. नवरा, लेकरं, सगळ्यांचं जेवण त्या चुलीवर शिजलं होतं, हात उचलेना तिचा. तेवढ्यात समोरच्या रामाच्या घरातून किंकाळी आली, "चूल इझली! माजी चूल आपसूक इझली!" अंगणातली माणसं जागच्या जागी थिजली. अक्काने घाईघाईने पाणी ओतलं, आतून चर्रर्र आवाज झाला, दारातून राखेचा लोट आला. वाऱ्याची झुळूक असेल, सरपण ओलं असेल. पण वारा पडलेला होता आणि त्या दिवसांत तिकडे ओलं सरपण कुठलं, हे मी स्वतःलाच कितीदा तरी विचारलं आहे. रामाची चूल पुन्हा फुंकल्यावर पेटली.

तात्या तडक माझ्याकडे आले आणि माझे दोन्ही दंड धरले. "कवा आलाव? उनात का बसलाव? आगं, पाव्हन्याला पानी आना की कुनीतरी!" जणू मी आत्ताच वेशीतून आत आलो होतो. बाया हसू लागल्या, एकीने पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला, लेकरं माझ्या छत्रीशी खेळू लागली. मीही हुरळलो. यमुनेच्या मांडवाचं तोरण डोळ्यांपुढे दिसू लागलं.

"अक्का, तुम्हीही बसा ना," मी म्हणालो.

अंगणातलं हसू थांबलं नाही. पण कुणी अक्काकडे पाहिलं नाही. ती वाटेत उभी होती, तर रामाची बायको तिला वळसा घालून गेली, कुणी खांबाला घालतं तसा. "कुनाशी बोलताव?" तात्यांनी मला विचारलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

दिवस कलताना बायांनी भाकऱ्या आणल्या. अक्का दगडावर बसली होती. प्रत्येकीने तिच्याशेजारी भाकरी ठेवली आणि चार पावलं मागे सरून वळली. माझ्या विस्तवावरची भाकरी तात्यांच्या सुनेने भाजली होती, तीही तिथेच गेली. अक्का एकेक तुकडा मोडून खात होती. "बऱ्या भाजल्यात," ती माझ्याकडे पाहून म्हणाली. मला त्या रात्री अन्न गेलं नाही.

परत

सकाळी तात्या धुतलेला पटका बांधून तयार. ते स्वतः अलिबागेला यायला निघाले होते. माझ्या विस्तवावर लावलेला एक कंदील त्यांनी माझ्या हातात दिला. "चूल आता तुमची. कुटं बी मांडा, इझू देऊ नका म्हंजे झालं."

गावातल्याच एका गाडीत बसलो आणि मग मला राहवेना. मी खाली उतरलो, दगडापाशी गेलो आणि अक्काचा हात धरला. ती म्हणाली, "आरं, मला कुटं नेतूस?" मी म्हणालो, "कालच मला जन्म दिलास. आईला इथे टाकून जाऊ?" तिला उचलून गाडीत बसवलं. सगळं गाव दारात उभं होतं, पण कुणी अडवलं नाही. जी बाई नाहीच, तिला जाऊ नको असं म्हणणार तरी कोण? गाडीवान तेवढा बैलांच्या शेपट्यांकडे पाहत बसला. सगळी वाट तात्या आणि अक्का समोरासमोर बसून होते. दोघांचे गुडघे एकमेकांना लागत होते, आणि तात्या तिच्या आरपार रान पाहत होते.

यमुनेचं लग्न पेणलाच झालं आणि तात्या मांडवात ताठ उभे राहिले, हे इथेच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहायला नको. मला सांगायचं आहे ते अक्कलकोट रोड स्टेशनावरचं.

तिकिटाच्या खिडकीशी तात्या पुढे होते. "दोन मानसं, म्हमई," ते म्हणाले.

"तीन," मी मागून म्हणालो.

बाबू वैतागला. "दोन की तीन? नक्की सांगा, मागे रांग आहे." भर दिवसा पेटलेल्या माझ्या कंदिलाकडे त्याने संशयाने पाहिलं, मग खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि हातातल्या टाकाने आम्हाला मोजलं. "हे म्हातारबाबा एक. तुम्ही दोन. आणि ही आजी तुमच्यातलीच ना? मग तीन. नीट मोजता येत नाही का तुम्हाला?"

तात्यांनी मान खाली घातली. माझा दंड एकदम घट्ट दाबला गेला, म्हणून मी वळून पाहिलं. अक्का त्या खिडकीकडे डोळे फाडून पाहत होती.

"मोजलं की रं त्येनं मला," ती म्हणाली. "आजून येकदा मोज म्हन की त्येला."